आईबाबांची अमेरिकन नागरिकत्वाची परीक्षा: इतिहास आणि राज्यव्यवस्था कशी शिकवावी?

रेवा_एडिसन

नमस्कार मंडळी. आईबाबांना ग्रीन कार्ड मिळून पाच वर्षं झाली आणि दोघांनीही नागरिकत्वासाठी अर्ज केला आहे. बाबा साताऱ्याकडे एका हायस्कूलमध्ये इतिहास शिकवायचे. आई मराठी माध्यमातून मॅट्रिक झालेली, पुढे संसार आणि शेती. दोघांचीही सत्तरी आली आहे.

त्यांचा अर्ज २० ऑक्टोबर २०२५ नंतर गेला, त्यामुळे त्यांना नवी परीक्षा आहे. प्रश्नसंचात १२८ प्रश्न, अधिकारी त्यातले जास्तीत जास्त २० तोंडी विचारणार, १२ बरोबर यायला हवेत. बारा बरोबर झाले की विचारणं थांबतं, नऊ चुकले तरी थांबतं. माझ्या वेळी १०० प्रश्नांचा संच होता आणि दहापैकी सहा पुरायचे.

वयाच्या सवलतीबद्दल आधीच लिहिते. पन्नाशी ओलांडलेल्यांना ग्रीन कार्डवर २० वर्षं झाली असतील, किंवा पंचावन्न ओलांडलेल्यांना १५ वर्षं, तर इंग्रजीची परीक्षा माफ होते आणि इतिहास-नागरिकशास्त्राची उत्तरं दुभाष्यामार्फत आपल्या भाषेत देता येतात. पासष्टीपुढचे आणि २० वर्षं ग्रीन कार्डवर असलेले यांना तर वेगळा वीस प्रश्नांचाच संच असतो. मुलांनी म्हातारपणी बोलावून घेतलेल्या आपल्या आईवडिलांना यातलं काहीच लागू होत नाही. वय सत्तर, पण ग्रीन कार्ड पाच वर्षांचं. म्हणजे वाचन, लेखन, संभाषण आणि १२८ प्रश्न, सगळं इंग्रजीत.

आईचं पाठांतर जबरदस्त आहे. मनाचे श्लोक, हरिपाठ, सगळं तोंडपाठ, तसेच हे प्रश्नही ती पाठ करते आहे. झेंड्यावर तेरा पट्टे का? पहिल्या तेरा वसाहती होत्या म्हणून. तारे पन्नास का? राज्यं पन्नास म्हणून. पण सिनेटरची (इथल्या संसदेच्या वरच्या सभागृहातल्या सदस्याची) मुदत सहा वर्षांची आणि प्रतिनिधीची (खालच्या सभागृहातल्या सदस्याची) दोनच वर्षांची का, असं विचारलं की ती थांबते, कारण ही माणसं नेमकं काय करतात हे तिच्यापर्यंत पोचलेलंच नाही. बाबांचं उलट आहे. त्यांच्या डोक्यात भारताची राज्यघटना इतकी पक्की आहे की गव्हर्नर म्हटलं की ते राष्ट्रपतींनी नेमलेला राज्यपाल धरतात, इथला गव्हर्नर लोकांनी निवडलेला असतो हे विसरतात.

मला त्यांना फक्त उत्तीर्ण करून घ्यायचं नाही. शपथ घेतली की ते इथे मतदान करणार आहेत. शाळा मंडळापासून राष्ट्राध्यक्षापर्यंतची ती लांबलचक मतपत्रिका हातात आल्यावर कोण कशासाठी उभा आहे हे त्यांना स्वतःला कळलं पाहिजे, मला विचारून खुणा करायला नकोत. ज्यांनी घरच्या वडीलधाऱ्यांना शिकवलं आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

जुना_मास्तर

रेवा, मीही शिक्षक होतो आणि साठीनंतर ही परीक्षा दिली आहे, तेव्हा तुझ्या बाबांची अडचण मला नीट समजते. त्यांचं भारतीय नागरिकशास्त्र पुसायला जाऊ नकोस, त्याचाच आधार घे. दोन राज्यघटना शेजारी ठेव आणि फरक कुठे आहे ते त्यांनाच शोधायला लाव.

राज्यसभेपासून सुरुवात कर. राज्यसभेत महाराष्ट्राचे १९ सदस्य, गोव्याचा १, उत्तर प्रदेशचे ३१. लोकसंख्येप्रमाणे जागा. इथल्या सिनेटमध्ये मात्र प्रत्येक राज्याचे दोन. चार कोटींच्या आसपास लोकसंख्येच्या कॅलिफोर्नियाचे दोन आणि सहा लाखांच्या आसपास असलेल्या वायोमिंगचेही दोन. लोकसंख्येचा हिशेब हाउसमध्ये, म्हणजे प्रतिनिधीगृहात लागतो. तिथे एकूण ४३५ जागा, पैकी कॅलिफोर्नियाच्या ५२, तुमच्या न्यू जर्सीच्या १२ आणि वायोमिंगची एकच.

असं का, हे तर न्यू जर्सीत राहणाऱ्या माणसाला कळायलाच हवं. १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियाला घटना लिहायला मंडळी जमली तेव्हा व्हर्जिनियासारखी मोठी राज्यं म्हणाली, लोकसंख्येप्रमाणे मतं द्या. न्यू जर्सीच्या विल्यम पॅटरसनने उलट आराखडा मांडला: राज्य लहान असो वा मोठं, मत सारखं. शेवटी कनेक्टिकटच्या प्रतिनिधींच्या पुढाकाराने तडजोड झाली. एक सभागृह लोकसंख्येप्रमाणे, दुसरं राज्यांना समान. तुमच्याकडचं पॅटरसन शहर याच माणसाच्या नावाचं. बाबांना तिथल्या ग्रेट फॉल्सला घेऊन जा आणि धबधब्यासमोर उभं राहून ही तडजोड सांग. काँग्रेसच्या, म्हणजे इथल्या संसदेच्या, दोन सभागृहांचे निम्मे प्रश्न तिथेच सुटतील.

दोन आणि सहा वर्षांचं कारणही यातच आहे. प्रतिनिधीला दर दोन वर्षांनी लोकांपुढे जावं लागतं, म्हणून तो लोकमताच्या जवळ राहतो. सिनेटरला जरा सवड मिळते. दर दोन वर्षांनी सिनेटचे साधारण एक तृतीयांश सदस्य निवडले जातात, आपल्या राज्यसभेतही एक तृतीयांश दर दोन वर्षांनी निवृत्त होतात. बाबा हे ऐकून खूश होतील. सिनेटचं अध्यक्षपद उपराष्ट्राध्यक्षाकडे आणि राज्यसभेचं उपराष्ट्रपतींकडे, हे साम्यही दाखव.

मग मोठा फरक सांग. आपल्याकडे मंत्री व्हायचं तर खासदार असावं लागतं किंवा सहा महिन्यांत व्हावं लागतं. इथे काँग्रेसचा सदस्य मंत्रिमंडळात गेला तर त्याला काँग्रेसची जागा सोडावी लागते. कायदा करणारे वेगळे, राबवणारे वेगळे, न्याय देणारे वेगळे, आणि प्रत्येकाच्या हातात दुसऱ्याला रोखण्याचं काहीतरी साधन. राष्ट्राध्यक्ष नकाराधिकार वापरतो, काँग्रेस दोन तृतीयांश मतांनी तो मोडून काढू शकते, न्यायालय कायदाच घटनाबाह्य ठरवू शकतं. सर्वोच्च न्यायालयाचे नऊ न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष नेमतो, पण सिनेटच्या संमतीनेच. आपले न्यायाधीश ६५ व्या वर्षी निवृत्त होतात, इथे निवृत्तीचं वय नाही. हे सगळं एका बैठकीत सांगू नकोस. रोज एक मुद्दा घे आणि त्यावर बाबांना आईला शिकवू दे. शिक्षकाला शिकवायला लावलं की तो स्वतः पक्का होतो.

मीनल_ऑस्टिन

+१. मास्तर, शेवटचं वाक्य आमच्या घरीही खरं ठरलं. सासऱ्यांनी सासूबाईंना शिकवलं आणि दोघेही उत्तीर्ण झाले.

वाचनालय_स्वयंसेवक

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात नागरिकत्वाचा वर्ग चालतो, तिथे मी शिकवतो. मास्तरांनी आशय छान सांगितला, मी मुलाखतीबद्दल लिहितो, कारण वडीलधारी मंडळी अडखळतात ती बहुधा इतिहासात नाही.

मुलाखतीत अधिकारी आधी नागरिकत्वाचा एन-४०० हा अर्ज घेऊन बसतो आणि त्यातलेच प्रश्न विचारतो. पत्ता, प्रवास, मुलंबाळं इथपर्यंत ठीक असतं. मग येतात ते लांबलचक 'तुम्ही कधी' वाले प्रश्न. कधी खोटं बोलून सरकारी लाभ घेतला का, कधी स्वतःला अमेरिकन नागरिक म्हणवलं का, कधी कुणाचा छळ केला का, कधी एखाद्या दहशतवादी संघटनेत होता का. इंग्रजी बोलण्याची परीक्षा म्हणून वेगळं काही नसतं, हीच ती परीक्षा. आपली वडील मंडळी समोरच्या साहेबाचा मान राखायचा म्हणून मान डोलवत 'येस, येस' म्हणत जातात, आणि 'छळ केला का' यालाही येस म्हणून मोकळी होतात. त्यामुळे अर्जातल्या प्रत्येक कठीण शब्दाचा अर्थ आईबाबांना त्यांच्या शब्दांत सांगता आला पाहिजे. नीट ऐकू आलं नाही किंवा समजलं नाही तर 'प्लीज रिपीट' म्हणायला काहीच हरकत नाही. अधिकारी प्रश्न पुन्हा सांगतो, गरज पडली तर सोप्या शब्दांतही विचारतो.

वाचन आणि लेखनाची भीती बाळगू नका. तीन वाक्यांपैकी एक नीट वाचता आलं आणि तीनपैकी एक ऐकून लिहिता आलं की झालं. शब्दांची अधिकृत यादी मिळते आणि ती छोटीच आहे.

पर्याय निवडायच्या ॲपवर मुळीच विसंबू नका. चार उत्तरं समोर असताना बरोबर उत्तर ओळखणं वेगळं आणि कोऱ्या मनाने ते तोंडून काढणं वेगळं. परीक्षा पूर्ण तोंडी आहे. सराव मोठ्याने, समोरासमोर बसून, आणि घरातल्या वेगवेगळ्या आवाजांत व्हायला हवा. नातवंडांना अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसवा, त्यांचे अमेरिकन उच्चार कानावर पडू देत.

आणि एखादा भाग राहिलाच तर फक्त तेवढ्या भागाची फेरपरीक्षा ६० ते ९० दिवसांत होते. अर्ज लगेच बाद होत नाही. हे आईंना आधीच सांगून ठेवा, निम्मं दडपण कमी होतं.

अजय_फ्रीमाँट

स्पष्ट लिहितो, राग नसावा. सत्तरीतल्या माणसांना पॅटरसनचा आराखडा कशाला? प्रश्न ठरलेले, उत्तरं ठरलेली. माझ्या आईने १०० उत्तरं पाठ केली, सहा बरोबर दिली, घरी आली. तिला आता हाउस आणि सिनेट विचारलं तर सांगता येणार नाही, पण तिचं काही अडलेलं नाही. उगाच मोठ्या माणसांना शाळकरी मुलांसारखं राबवू नये.

रेवा_एडिसन

अजय, राग नाही. पण सांगता येणार नाही असं तू म्हणतोस, तेच मला माझ्या आईच्या बाबतीत नको आहे. गावात ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत कोण कुठल्या वॉर्डातून उभं आहे, पाण्याच्या टाकीचा ठराव कुणी अडवला, हे ती घडाघडा सांगायची. तिला राजकारण कळत नाही असं कधीच नव्हतं. इथे आल्यावर ती गप्प झाली, कारण इथली माहिती तिला कुणी तिच्या भाषेत सांगितलीच नाही. तिचं वय झालं म्हणून तिने उत्तरांचे नुसते आवाज पाठ करावेत, हे मला पटत नाही.

सत्यशोधकी

रेवा, आईला गुलामगिरीचा आणि यादवी युद्धाचा भाग शिकवताना एक दुवा जरूर वापर. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या लोकांना. काळ्या गुलामांना मुक्त करण्यासाठी त्यांनी दाखवलेल्या निःस्वार्थ त्यागाबद्दल कौतुक म्हणून, आणि आपल्या देशबांधवांनीही शूद्रांच्या मुक्तीसाठी तो कित्ता गिरवावा या आशेने. लिंकनची मुक्तीची घोषणा १ जानेवारी १८६३ ची, गुलामगिरी कायमची बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती १८६५ ची. म्हणजे ही दुरुस्ती होऊन दशकही झालं नव्हतं तेव्हा पुण्यातला एक माणूस त्याचा अर्थ महाराष्ट्राला लावून दाखवत होता. फुल्यांवर थॉमस पेनच्या विचारांचा प्रभाव होता, आणि स्वातंत्र्याची हाक देणाऱ्या पत्रकाचा लेखक म्हणून हा पेन अमेरिकन क्रांतीच्या इतिहासातही भेटतो.

जूनटीन्थचं, म्हणजे १९ जूनच्या सुट्टीचं, महत्त्वही याच ओघात कळतं. घोषणा झाली १८६३ ला, पण टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनला ती सैन्यासह पोचली १९ जून १८६५ ला. कायदा होणं आणि तो माणसापर्यंत पोचणं यातलं अंतर आपल्याकडच्या माणसाला वेगळं समजवावं लागत नाही.

उमा_पिट्सबर्ग

याला जोडून पंडिता रमाबाई. आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला आल्या, पुढे १८८८ पर्यंत या देशात फिरल्या, आणि १८८९ ला 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक मराठीत लिहिलं. त्यात इथली राज्यपद्धती, शाळा, धर्मादाय संस्था, स्त्रियांची स्थिती, सगळ्यावर प्रकरणं आहेत. आपल्या आयांच्या इंग्रजीच्या आधी मराठीतून हा देश समजावून सांगणारी बाई होऊन गेली आहे. रमाबाई इथे होत्या तेव्हा अमेरिकन बायकांना देशभर मताचा हक्क नव्हता, तो १९२० च्या एकोणिसाव्या घटनादुरुस्तीने मिळाला. स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढलेल्या सुझन अँथनीचं नाव प्रश्नसंचात आहे, ते या गोष्टीबरोबर सांगितलं की विसरत नाही.

ग्रंथकीटक_शिकागो

धागा सुंदर चालला आहे. प्रश्नसंचात नसलेली पण प्रत्येक भारतीय अर्जदाराला माहीत असावी अशी एक गोष्ट सांगतो.

१७९० च्या कायद्याने नागरिकत्व फक्त 'मुक्त गोऱ्या व्यक्तीं'ना घेता येत होतं. यादवी युद्धानंतर १८७० मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांना ते खुलं झालं, आशियाई लोकांना नाही. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात असलेल्या भगतसिंग थिंड यांनी अर्ज केला, आणि १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की भारतीय माणूस गोरा धरता येत नाही, सबब तो नागरिक होऊ शकत नाही. त्यानंतर ज्यांना आधी नागरिकत्व मिळालं होतं त्यांचंही काढून घ्यायला सुरुवात झाली. सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णो दास बगई यांनी ते गमावल्यावर १९२८ मध्ये आत्महत्या केली.

सखाराम गणेश पंडित हे कॅलिफोर्नियात वकिली करणारे गृहस्थ. त्यांना १९१४ मध्ये नागरिकत्व मिळालं होतं. सरकारने ते रद्द करायचा दावा लावला तेव्हा ते स्वतःसाठी लढले आणि जिंकले: एकदा न्यायालयाने रीतसर दिलेलं नागरिकत्व, ज्याच्या भरवशावर माणसाने सगळं आयुष्य उभं केलं, ते असं मागाहून हिरावता येत नाही.

दार उघडलं १९४६ च्या लूस-सेलर कायद्याने. भारतीयांना नागरिक होता येऊ लागलं आणि वर्षाला १०० जणांचा कोटा मिळाला. त्या कायद्यासाठी झटलेले दलिपसिंग सौंद १९४९ मध्ये नागरिक झाले आणि १९५६ मध्ये थेट हाउसवर निवडून आले. आपण सगळे आलो ते १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतरच्या वाटेने, आणि तो कायदा नागरी हक्क चळवळीच्या वातावरणात झाला. प्रश्नसंचात मार्टिन ल्यूथर किंग यांनी काय केलं असा प्रश्न आहे. 'वांशिक समानतेसाठी लढले' हे उत्तर बरोबर. त्या लढ्याचा आपल्याही इथे असण्याशी संबंध आहे, हे आईबाबांना सांगायला विसरू नका.

अजय_फ्रीमाँट

थिंड खटल्याबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. हे आईला वाचून दाखवतो.

सई_टोरांटो

इथल्या पद्धतीची माहिती देते, कुणाला उपयोगी पडेल. कॅनडात परीक्षा १८ ते ५४ वयोगटालाच, २० पैकी १५ बरोबर हवेत. त्यामुळे आमच्या आईबाबांना परीक्षाच नव्हती. सुटका वाटली खरी, पण हा धागा वाचताना जाणवलं की त्यामुळे त्यांना या देशाचा इतिहास सांगायला कुणी बसलंच नाही. आता मीच बसणार आहे.

घाटमाथा

परीक्षेपलीकडचा पण घराघरात अडणारा मुद्दा. शपथ घेतली की भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं, १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९. पासपोर्ट परत करावा लागतो, मग ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड. ओसीआयवर येणंजाणं सुरळीत राहतं, पण भारतात मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. आधीपासून नावावर असलेली किंवा वारसाने येणारी जमीन ठेवता येते. रेवा, साताऱ्याची शेती असेल तर सातबारा, फेरफार, वाटण्या यातली अर्धवट कामं शपथेआधी मार्गी लावा आणि तिथल्या वकिलाला विचारून घ्या. बाबांच्या मनात हे असणार, ते बोलून दाखवत नसतील.

रेवा_एडिसन

घाटमाथा, अगदी खरं. काल रात्री विचारल्यावर बाबा जमिनीबद्दल बोलले. आणि शपथेतल्या 'पूर्वीची निष्ठा सोडतो' या वाक्याबद्दलही. आयुष्यभर वर्गात १५ ऑगस्ट शिकवलेल्या माणसाला ते जड जाणारच. मी त्यांना घाई करणार नाही, त्यांना हवा तेवढा वेळ घेऊ देत.

मास्तर, शनिवारी पॅटरसनला जाऊन आलो. बाबांनी तडजोड आईला समजावली, आणि आईने विचारलं, मग डोंगरातल्या लहान गावांना आपल्या जिल्हा परिषदेत असं समान मत का नाही? गाडीत घरी येईपर्यंत दोघे त्यावर वाद घालत होते.

एकच अडचण उरली आहे. आईला ऐकून लिहिताना वेग जमत नाही. त्यावर काही सुचवाल का?

जुना_मास्तर

आईचा प्रश्न पहिल्या प्रतीचा आहे, तिला माझा नमस्कार सांग.

लेखनासाठी शब्द सुटे लिहून घेऊ नकोस, पूर्ण वाक्यच सांग. अधिकारी वाक्य सावकाश सांगतो आणि पुन्हाही सांगतो. एखादं अक्षर इकडेतिकडे झालं तरी अर्थ कळत असेल तर चालतं, पण शब्दाचं लघुरूप लिहिलेलं चालत नाही. यादीतल्या शब्दांची वाक्यं तिच्या ओळखीच्या जागांवर बेतून घे: वॉशिंग्टन पहिले राष्ट्राध्यक्ष होते, झेंडा लाल पांढरा निळा आहे, नागरिक नोव्हेंबरमध्ये मतदान करतात. आणि डिसेंबरात जमलं तर डेलावेअर नदीवर वॉशिंग्टन क्रॉसिंगला जा. १७७६ च्या नाताळच्या रात्री बर्फातून नदी ओलांडून वॉशिंग्टनचं सैन्य तुमच्याच राज्यात उतरलं आणि दुसऱ्या दिवशी ट्रेंटनची लढाई जिंकलं. ट्रेंटन हीच तुमच्या राज्याची राजधानी, आणि राज्याची राजधानी कोणती हा प्रश्न संचात आहेच.

वाचनालय_स्वयंसेवक

शेवटची आठवण. राष्ट्राध्यक्ष, उपराष्ट्राध्यक्ष, हाउसचे सभापती, सरन्यायाधीश, राज्याचे गव्हर्नर, तुमचे सिनेटर आणि प्रतिनिधी, या उत्तरांत मुलाखतीच्या दिवशी पदावर असलेल्या माणसाचंच नाव लागतं. छापील पुस्तकातली नावं जुनी असू शकतात. मुलाखतीच्या आदल्या दिवशी अधिकृत संकेतस्थळावर बघा आणि आईबाबांकडून नव्याने म्हणून घ्या.